आहेस तसा बस

शशांक बोंद्रेच्या डावाला अकरावं वर्ष लागलं तेव्हा दुपारचे तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. चहापानाला चार मिनिटं उरली होती. पुढचा फलंदाज मुरलीधर इंगवले पॅव्हेलियनमधल्या लाकडी खुर्चीत पॅड बांधून बसला होता. डावा पाय उजव्या गुडघ्यावर, त्या पायात बूट नाही, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर, हातात रिकामी बशी. दहा वर्षांपूर्वी तीन वाजून वीस मिनिटांनी तो असाच बसला होता, आणि त्यात बोटभरही फरक पडू द्यायचा नाही अशी त्याला ताकीद होती.

मैदानात तीन छत्तीस म्हणजे तीन छत्तीस. फाटकाबाहेर दिवाळ्या येत होत्या, जात होत्या, निवडणुका होत होत्या, लोकांच्या मुली सासरी जात होत्या. सीमारेषेच्या आत मात्र कलतं ऊन होतं आणि सामन्याचा पहिलाच दिवस होता. चहा झाल्याशिवाय संध्याकाळ कशी होईल, असं पंच म्हणायचे, आणि नियमाला धरून ते बरोबरच होतं.

त्याचं असं झालं होतं. संस्थानच्या जुन्या मैदानावर कृष्णाकाठ संघाचा सीमाभाग संघाशी प्रथम श्रेणीचा सामना लागला. मुरलीधर आणि बोंद्रे, दोघांचाही तो पहिलाच. दोघं एकाच जाळीत वाढलेले. जाळीतले मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "बोंद्रेचा हात सुटतो आणि इंगवलेचा धीर." लोक हसायचे. मुरलीधरही हसायचा, आणि घरी जाऊन बॅटला तेल लावता लावता ती बॅट रडकुंडीला आणायचा.

त्या दिवशी तीन वाजता सीमाभागचा डाव संपला आणि आमच्या एका सलामीवीराच्या पोटात कळ आली. तो जो संडासात गेला तो गेलाच. संघाचे व्यवस्थापक भाऊसाहेब तांबट दारात येऊन म्हणाले, "मोघ्याबरोबर सलामीला कोण जातंय?" पहिला मान मुरलीधरचा होता, तसं कालच ठरलं होतं. पण नेमका त्या क्षणी तो वाकून डाव्या बुटातला खडा काढत होता. बोंद्रे उभा होता. जो उभा दिसला तो गेला.

मुरलीधर बूट काढून खुर्चीत बसला. कुणीतरी त्याला वेळेआधीच चहा दिला. तीन वीसला बोंद्रेच्या बॅटची कड लागून चेंडू दुसऱ्या स्लिपच्या ओंजळीत गेला. मुरलीधरनं चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि आता उठायचंच आहे तर निवांत उठू म्हणून पाय गुडघ्यावर घेतला. त्याबरोबर कोंबडीनं अंडं घालावं तसा त्या स्लिपवाल्याच्या हातातून चेंडू खाली आला. पुढच्या चेंडूवर बोंद्रेनं कव्हरमधून चौकार मारला.

भाऊसाहेब गर्रकन वळले. तीस वर्षं व्यवस्थापक होते ते. काय बदललं हे त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"इंगवले, आहेस तसा बस. हलू नकोस."

ज्यानं चार सामने खेळलेत त्याला यात काही नवल वाटायचं नाही. भागीदारी जमली की पॅव्हेलियनमधल्या कुणी जागा सोडायची नाही, हा कायदा पंचांच्या कायद्याहून जुना आहे. कृष्णाकाठच्या एका यष्टिरक्षकानं तीनशे धावांची भागीदारी संडासात उभं राहून ऐकली होती, आणि नंतर सामनावीराच्या भाषणात त्याचेही आभार मानले गेले होते. तेव्हा मुरलीधर बसला. अर्ध्या तासाचा प्रश्न, असं त्याला वाटलं.

पहिल्या वर्षी त्याला एकदा शिंक आली. शिंकेसरशी बोंद्रेचा मधला स्टंप हलला. बेल उडाली, वर गेली, आणि मुरलीधरनं श्वास रोखून धरल्यामुळे परत येऊन खाचेत बसली. यापुढे कुणाला शंका उरली नाही. दुसऱ्या वर्षी त्याला कळलं की सबंध अंग हलवलं तर बोंद्रे जाईल, पण नुसता अंगठा हलवला तर चेंडू बॅटला हुलकावणी देऊन जातो, एवढंच. तेव्हापासून वर्तमानपत्रात बोंद्रेचा फोटो आला की मुरलीधर त्या दिवशी एकदा अंगठा हलवायचा. बोंद्रे चुकायचा, बॅटकडे बघायचा, मग पॅव्हेलियनकडे बघायचा. ते बघणं मुरलीधरला डब्यातल्या लोणच्यासारखं पुरवून पुरवून खावंसं वाटायचं.

दुसऱ्या टोकाला मोघे होता. तिसऱ्या वर्षाच्या मृगात मोघ्याचं वडाचं झाड झालं. मोघे मुळातच खेळपट्टीला चिकटून राहणारा गडी, त्यामुळे संघात फारशी खळबळ झाली नाही. सीमाभागच्या कप्तानानं धावबादचं अपील केलं. पंचांनी दोनदा फेरी मारून पाहिलं आणि सांगितलं की पारंब्या क्रीजच्या आत टेकलेल्या आहेत, तेव्हा फलंदाज आत आहे. मोघ्याच्या समोर षटक आलं की तो सहाही चेंडू सोडून द्यायचा. झाड चेंडू फार चांगले सोडतं. बोंद्रेनं पळून धावा काढणं बंद केलं आणि नुसते चौकार मारू लागला.

मोघ्यांच्या घरच्या वटपौर्णिमेला यायच्या आणि त्याला सूत गुंडाळून जायच्या. पंच तेवढ्या वेळात पाणी पिऊन घ्यायचे. एका वर्षी मुरलीधरची बायको सुनंदा डबा घेऊन आली, तिच्या हातात पूजेचं ताट होतं.

"मला कशाला ओवाळतेस?" मुरलीधर ओठ न हलवता म्हणाला. ओठ न हलवता बोलायला तो एव्हाना शिकला होता.

"तुम्हाला नाही," सुनंदा म्हणाली. "आमच्या गल्लीतला वड रस्त्यासाठी तोडला. मोघेभावजींना सात फेऱ्या मारून येते."

ती गेली, फेऱ्या मारून आली, आणि परतताना बोंद्रेच्या चौकाराला थांबून टाळ्या वाजवल्या. मुरलीधरनं अंगठा हलवला.

आता पाट्यांचं. धावफलकावर लाकडी पाट्या लावत. भाऊसाहेबांचं म्हणणं असं की जी पाटी लाभली ती उतरवायची नाही. चाललेल्या गोष्टीला हात लावला की ती बिघडते. म्हणून चारची पाटी तशीच ठेवून तिच्या शेजारी आठची लावली. आठच्या शेजारी बाराची. फलक सीमारेषेच्या कडेनं वाढत चालला. शंभरच्या पुढे पाट्यांचं लाकूड संपलं, तेव्हा माळ्यांनी पॅव्हेलियनचे बाक काढले. पाचशेला कपाटं गेली. हजाराला दारं गेली. तीन हजारांना मागची भिंत गेली, आणि संडासाचंही दार गेलं. आत कुणी नव्हतं. पाच हजारांना छप्पर उतरवलं. भिंतीवरचं घड्याळ मात्र भिंत गेल्यावरही जागच्या जागी राहिलं. त्याला कुणी हलायला सांगितलं नव्हतं.

कृष्णाकाठचा कप्तान एका बाकावर झोपला होता. चहाला डाव घोषित करायचा, एवढं सांगून तो पहिल्याच दिवशी, म्हणजे त्याच दिवशी, झोपी गेला होता. बाक काढल्यावर त्याला गवतावर ठेवलं. चहा होईपर्यंत त्याला उठवायचं काही कारण नव्हतं.

मुरलीधरला रात्रंदिवस, म्हणजे दुपारभर, हेच खात होतं. चहाला डाव घोषित होणार. चहाच्या आत बोंद्रे बाद झाला तर मुरलीधर खेळायला जाणार. नाही झाला, तर एवढ्या धावांवर दुसरा डाव येणारच नव्हता, आणि त्याच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार: सामने एक, डाव शून्य. एक चेंडू. एक चेंडू खेळला तरी डाव एक झाला असता.

आणि त्यासाठी नुसतं उठायचं होतं.

फाइन लेगला सीमारेषेवर सीमाभागचा मुजावर उभा असायचा, मुरलीधरच्या खुर्चीपासून पाच पावलांवर, पाठ करून. अकरा वर्षांत मुरलीधरनं त्याचं तोंड दोन-चारदाच पाहिलं, पण त्याची मान तो गर्दीत ओळखू शकला असता. मुजावर मोठा गोड माणूस, आणि त्याला घरी जायचं होतं.

"इंगवले."

"काय?"

"ऊठ की मर्दा जरा."

"कशाला?"

"पाय मोकळं कर. मुंग्या आल्या असतील."

"नाही आल्या."

"मला आल्यात. माझ्या पोरीचं लग्न झालं, तिची पोरगी बोलाय लागली. फोटोत बघून तिला वाटतंय आज्जाला तोंडच नाही, नुसती पाठ हाय."

"मग तू झेल घे त्याचा. अडवलंय कोणी?"

"झेल कुठनं घेऊ? तू हललास तर येईल न्हवं हिकडं." मुजावर थुंकला. "आमच्यात म्हणत्यात, बोंद्रेचं काय न्हाई. खेळतोय तो खुर्चीवाला."

हे ऐकून मुरलीधरला इतकं बरं वाटलं की पुढचे आठ महिने तो पापणीसुद्धा जपून लववत होता. कारण खरी गोम तिथेच होती. उठला असता तर बोंद्रे गेला असता आणि मुरलीधरला बॅट मिळाली असती, पण मग झालेल्या सगळ्या धावा एकट्या बोंद्रेच्या नावावर पक्क्या झाल्या असत्या. बसून होता तोवर त्या निम्म्या त्याच्या होत्या. निम्म्याहून जास्त. बोंद्रे नुसती बॅट फिरवत होता. बसत होता मुरलीधर. शिवाय उठून गेला आणि पहिल्याच चेंडूवर दांडी गुल झाली तर? खुर्चीत तो आजवर एकदाही बाद झाला नव्हता.

त्यानं एकदा भाऊसाहेबांना विचारलं. "स्कोअरबुकात माझं नाव कुठे आहे?"

"आहे ना. अकरा जणांत आहे."

"बसल्याचं कुठे लिहिलंय?"

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "बसल्याचा रकाना नसतो, इंगवले."

"करा की एक."

"चालू पुस्तकात रकाना आखायचा? आणि बिघडलं काही तर?" मग त्यांना त्याची दया आली असावी. त्यांनी वाकून त्याच्या पॅडच्या बकलावरची कोळिष्टकं पुसली. पट्टे पोटरीत कधीच मुरले होते; कातडं कुठलं आणि चामडं कुठलं ते आता सांगता आलं नसतं. "दहा हजार होऊ देत," ते म्हणाले. "दहा हजार झाले की मी स्वतः तुला उठवतो. चहाच्या आत. शब्द आहे."

त्या शब्दावर मुरलीधरनं चार वर्षं काढली. तीन एकतीसचे तीन सदतीस झाले. त्याच्या काढून ठेवलेल्या बुटात एका मुनियेनं घरटं केलं. भाऊसाहेबांनी तिलाही हात लावू दिला नाही.

सुनंदा दर गुरुवारी यायची. पॅव्हेलियन नसल्यामुळे ती सरळ गवतातून यायची, फलकाच्या दोन टोकांमध्ये जी मोकळी जागा उरली होती तिच्यातून. पाट्यांचं वर्तुळ जवळजवळ पुरं होत आलं होतं आणि ती मोकळी जागा बरोबर मुरलीधरच्या पाठीमागे होती. सुनंदाचे केस कानापाशी पांढरे झाले होते. ती त्याला घास भरवायची, चावताना जबडा किती हलवायचा ते ठरलेलं होतं.

"भाजी कसली आहे?"

"दोडका. पोरीनं शाळेत निबंध लिहिलाय. पहिला नंबर आला."

"कशावर?"

सुनंदानं पुढचा घास मोठा केला. "माझा आवडता खेळाडू."

मुरलीधरनं घास गिळला. मैदानात बोंद्रेनं बॅट खांद्यावर टाकली होती आणि तो इकडेच बघत होता. दर गुरुवारी डब्याच्या वेळी तो इकडे बघायचा. डोळ्यांत खुपायचं ते बघणं.

"माझं काही आहे त्यात?"

"आहे की. शेवटच्या ओळीत. 'माझे बाबा पुढचे फलंदाज आहेत.'"

"अजून?"

"शब्दमर्यादा होती हो," सुनंदा म्हणाली.

त्या दिवशी मुरलीधरनं अंगठा तीनदा हलवला. तीनदा बोंद्रे चुकला. तिसऱ्या वेळी चेंडू स्टंपवरून इतका जवळून गेला की मोघ्याची दोन पानं गळली.

बोंद्रेच्या नऊ हजार नऊशे शहाण्णव झाल्या तेव्हा तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. पाट्यांच्या वर्तुळात एकाच पाटीची जागा उरली होती आणि मैदानावर लाकूड उरलं नव्हतं. माळ्यांनी शोध शोध शोधलं. बॅट आणि स्टंप यांना हात लावता येत नव्हता, मोघ्याला तोडायचा प्रश्नच नव्हता. भाऊसाहेब येऊन मुरलीधरच्या समोर उभे राहिले आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या खुर्चीकडे बघू लागले.

"नाही," मुरलीधर म्हणाला.

"तुला कोण काय म्हणतंय? तू बस. खुर्ची तेवढी काढून घेतो."

"कशावर बसू?"

"आहेस तसा बस."

दोन माळ्यांनी खुर्चीचे पाय धरले. तिसऱ्यानं पाठ सोडवली. काम त्यांनी नाजूक केलं. बशीसुद्धा वाजली नाही. खुर्ची निघाली आणि मुरलीधर होता तसाच राहिला, डावा पाय उजव्या गुडघ्यावर, हवेत बसलेला. अकरा वर्षांत तिथल्या हवेला त्याचा आकार आला होता. मांड्यांना थोडा गारवा लागला, एवढंच.

भाऊसाहेबांनी खुर्चीला हार घातला. "लाभाची खुर्ची," ते म्हणाले. "हिनं सामना तारला." सगळे पाया पडले. मग खुर्ची फोडून तिची पाटी केली, तिच्यावर चुन्यानं १०,००० लिहिलं आणि बोंद्रे कधी मारतोय याची वाट बघत उभे राहिले.

खुर्चीला हार. मुरलीधरनं हे हवेत बसल्या बसल्या बघितलं. बोंद्रेचा हेवा त्यानं केला होता, मोघ्याचा केला होता, मुनियेचाही थोडाफार केला होता. खुर्चीचा करावा लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आणि तरीही त्यानं अंगठा हलवला नाही. बोंद्रेनं पाय काढून कव्हरमधून चेंडू मारला. पहिल्या दिवशीच्या पहिल्या चौकारासारखाच, त्याच वाटेनं. चेंडू सीमारेषेला लागला. माळ्यांनी पाटी बसवली. वर्तुळ बंद झालं, आणि घड्याळात तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली.

"झाले," मुरलीधर म्हणाला. "भाऊसाहेब, झाले दहा हजार."

"झाले की." भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मग उठवा मला."

भाऊसाहेबांनी डोळे पुसले. "अरे वेड्या," ते प्रेमानं म्हणाले, "आता उठलास तर दहा हजार चार कसे होतील?"

मुजावरची पाठ हसत होती.

हवा मुरलीधरला नीट धरून होती. एक मिनिट बसलं की चहा, कप्तान जागा होणार, डाव घोषित, संपलं. आता इतकी वर्षं बसला तिथे एक मिनिट काय, असा विचार त्याच्या मनात आलाही. तेवढ्यात मागून, बंद झालेल्या पाट्यांपलीकडून, पाटीवर टकटक झाली. गुरुवार असणार.

"अहो," सुनंदाचा आवाज आला. "इथली वाट कुठे गेली?"

"बंद झाली."

"मला काही दिसत नाही इकडून." डब्याची कडी वाजली. मग तिनं विचारलं, "बोंद्रेभावजींचे किती झाले?"

मुरलीधर उठला.

त्याचे गुडघे इतक्या मोठ्यानं वाजले की पंचांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग स्टंपांकडे. तिन्ही आडवे झाले होते. गोलंदाज, जो या वेळेपर्यंत गुडघ्याला पट्टा बांधून धावत होता, खेळपट्टीवर बसकण मारून रडू लागला. मुजावर वळला. त्याला तोंड होतं. साधंच होतं, मिशा होत्या.

"आभारी हाय," तो म्हणाला.

नव्या फलंदाजाला मैदानात उतरायला तीन मिनिटं मिळतात. घड्याळात एकच होतं. मुरलीधरनं बशी भाऊसाहेबांच्या हातात दिली, बॅट उचलली आणि चालू लागला, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. बूट घेता आला नसता, मुनियेची अंडी होती. मैदान त्याला खुर्चीतून दिसायचं त्यापेक्षा लांब होतं. तो चालत होता आणि बोंद्रे समोरून येत होता, आणि दोघंही बराच वेळ तेवढेच दिसत राहिले. मग एकदम समोरासमोर आले.

बोंद्रे म्हातारा झाला होता. उन्हानं त्याचं तोंड जुन्या चेंडूसारखं झालं होतं, एका बाजूनं खरबरीत, एका बाजूनं गुळगुळीत.

"चेंडू कसा येतोय?" मुरलीधरनं विचारलं. येणाऱ्यानं जाणाऱ्याला हे विचारायचंच असतं.

"कुणास ठाऊक," बोंद्रे म्हणाला. "चेंडूकडे मी कधी बघितलंच नाही. तुझ्या अंगठ्याकडे बघून खेळलो."

"दहा हजार."

"तुला सावली होती," बोंद्रे म्हणाला. "छप्पर होतं निम्मा वेळ. बायको डबा आणायची. आज दोडका की मेथी, ते ओळखत मी बॅट फिरवायचो. त्या रविवारी मला मुलगी बघायला जायचं होतं, मुरली. चहापानानंतर चार दिवसांनी."

मुरलीधरला यावर काहीतरी बोलायचं होतं. अकरा वर्षं त्यानं वाक्यं तयार करून ठेवली होती, एकाहून एक. त्यातलं एकही या माणसाला लागू पडेना.

बोंद्रेनं त्याच्या पायाकडे बघितलं. "असा खेळणार? पंच हाकलतील." तो खाली वाकला, आपला डावा बूट काढला आणि पुढे केला. "घाल."

मुरलीधरनं घातला. बूट त्याला अगदी बरोबर बसला, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. दोन पावलं टाकल्यावर टाचेखाली काहीतरी टोचलं.

"यात खडा आहे."

"तो असतोच," बोंद्रे म्हणाला आणि लंगडत सीमारेषेकडे गेला.

मुरलीधर क्रीजमध्ये पोचला. खडा काढायला वाकावं तर घड्याळाचा काटा चाळीसच्या रेघेला टेकत होता. त्यानं पंचांकडून लेग स्टंप मागितला, बुटाच्या टोकानं खूण केली. दुसऱ्या टोकाला मोघ्यानं एक पान टाकलं. मोघ्याच्या परीनं ते स्वागतच असावं. चारी बाजूंनी पाट्याच पाट्या होत्या, चार, आठ, बारा, पार दहा हजारांपर्यंत, आणि सगळ्या बोंद्रेच्या. फलकावर त्याच्या नावाला जागा नव्हती. गोलंदाज डोळे पुसत आपल्या खुणेकडे चालला होता.

दूर सीमारेषेवर, जिथे खुर्ची होती तिथे, बोंद्रे दमून टेकला. टेकायला काही नव्हतं. पण हवेतला तो आकार तसाच होता आणि बोंद्रे त्यात बसला. भाऊसाहेबांनी त्याच्या हातात बशी ठेवली. बोंद्रेनं दुखऱ्या टाचेकडे बघायला डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला, आणि मैदान इतकं शांत होतं की भाऊसाहेबांचा आवाज खेळपट्टीपर्यंत ऐकू आला.

"बोंद्रे, आहेस तसा बस. हलू नकोस."

गोलंदाज धावत सुटला. पाट्यांपलीकडून सुनंदा विचारत होती, आता कोण खेळतंय. तिला कुणी सांगितलं नाही. बोंद्रेच्या मोज्याला भोक नव्हतं. बोंद्रेनं बशी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताच्या बोटानं मोज्याला एक भोक पाडलं आणि मान वर करून मुरलीधरकडे बघितलं.

गोलंदाजाचा हात वर गेला. मुरलीधरच्या टाचेखाली खडा होता. चेंडू सुटला की नाही हे त्याला माहीत नव्हतं, कारण तो चेंडूकडे बघतच नव्हता. तो सीमारेषेकडे बघत होता, आणि तिथे, पांढऱ्या मोज्यातून, एक अंगठा हळूहळू बाहेर येत होता.